उसाच्या बेटावर जाताना : मॉरिशसला जाणाऱ्या सभासदांसाठी माहिती



अलीकडे आपल्या भागातूनही परदेशी सहलीला जाणारी मंडळी वाढली आहेत. कुणाचा मुलगा पुण्या-मुंबईस नोकरीला असतो, तो आई-वडिलांना घेऊन जातो. कुठे दहा-वीस जण मिळून सहल कंपनीमार्फत जातात. त्यातून मॉरिशसचे नाव बरेच ऐकू येते. तिथे कसे जावे, केव्हा जावे, काय बरोबर घ्यावे, असे सभासद विचारतात. म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

सहल कंपनीच्या पत्रकात निळा समुद्र, पांढरी वाळू आणि नवी जोडपी दिसतात. ते सगळे तिथे आहेच, आणि पाहण्यासारखेही आहे. पण जो माणूस ऊस लावतो, ज्याचे शेजारी-पाजारी कोयता घेऊन दर साल घर सोडतात, त्याने मॉरिशसला जाण्याचे खरे कारण त्या पत्रकात छापलेले नसते. हा देश उसावर उभा राहिला आणि तो ऊस हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी तोडला. तेव्हा समुद्र जरूर पाहावा, पण ऊस आणि ऊसतोड्यांचा घाट पाहिल्याशिवाय परत येऊ नये, असे आमचे सांगणे आहे.

देश कुठे, केवढा

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. मुंबईपासून सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर. मुख्य बेट, दूरचे रॉड्रिग्ज बेट आणि इतर लहान बेटे धरून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भरते. आपल्या बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात असे पाच देश मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या शिरगणतीतील बीड जिल्ह्याच्या निम्मी. राजधानी पोर्ट लुई. देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक झाला. गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस म्हणून १२ मार्च ही तारीख निवडली गेली.

एक गंमत ध्यानात ठेवावी. आपले बीड विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस २० अंशांवर. म्हणजे आरशात पाहावे तसे सगळे उलटे. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. तिथल्या हिवाळ्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे सावलीवरून दिशा ठरवायची सवय असलेला आपला माणूस पहिले दोन दिवस हमखास चुकतो.

दुसरी गोष्ट दगडाची. तिथला दगड पाहिला की आपल्या बालाघाटाची आठवण होईल, तोच काळा कातळ. भूगर्भशास्त्रज्ञांचे मत असे, की पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त जागेतून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच जागेतून पुढे, गेल्या ८०-९० लाख वर्षांत, मॉरिशस बेट वर आले. मधल्या काळात आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली. तेव्हा दगडाच्या नात्याने हे बेट आपले धाकटे भावंडच म्हणायचे.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा, दमट आणि पावसाचा. त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखाची. किनाऱ्यावर उकडत नाही, पण मधल्या पठारावर, क्यूरपिपसारख्या गावात, संध्याकाळी गार वारा आणि भुरभुर पाऊस असतो. कोट नको, पण स्वेटर हवा.

सभासदांनी आणखी एक हिशोब करावा. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यांचा हंगाम जूनमध्ये सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो. आपली धुराडी बंद असतात तेव्हा त्यांची पेटलेली असतात. खरिपाची पेरणी, कोळपणी आटोपून ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये निघालात, तर उसाची तोडणी पाहायला मिळते, हवा चांगली असते, आणि गणेशोत्सवही बहुधा त्याच सुमारास येतो. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

वादळाच्या दिवसांत जाणे झालेच, तर तिथल्या इशाऱ्यांची पद्धत माहीत असावी. एक ते चार असे इशाऱ्याचे वर्ग आहेत. तिसरा वर्ग जाहीर झाला की बाहेर फिरणे बंद करून हॉटेलातच थांबावे. चौथा म्हणजे वादळ अंगावर आलेले. अशा वेळी विमाने बंद पडतात, म्हणून परतीच्या तारखेनंतर लगेच घरचे लग्नकार्य ठेवू नये.

कागदपत्रे आणि तयारी

पासपोर्ट आधी काढावा. पासपोर्टवरचे नाव, आधारवरचे नाव आणि तिकिटावरचे नाव एकच हवे. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे असा प्रकार फार. तो निस्तरायला वेळ लागतो, म्हणून सहा महिने आधी कामाला लागावे.

भारतीय पर्यटकाला मॉरिशससाठी इथून व्हिसा काढून न्यावा लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. पण तिथला अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे आहेत की नाही हे विचारतो. ही कागदे छापून हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नव्हे. प्रवासापूर्वी संगणकावरून एक प्रवेश-अर्जही भरावा लागतो. तो मुलाकडून किंवा सहल कंपनीकडून भरून घ्यावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. असे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा-साडेसहा तासांत पोहोचते. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माहेबूर गावाजवळ आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विजेची पिन इंग्रजी पद्धतीची, चौकोनी तीन दांड्यांची किंवा युरोपी दोन दांड्यांची असते. मोबाईल भरायचा तर जोडपिन बरोबर न्यावी.

रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू असेल त्यांनी पुरेसा साठा आणि डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी. गुंगीची व तीव्र वेदनाशामक काही औषधे आणण्याबाबत तिथे फार कडक नियम आहेत, त्यामुळे कुणाची पुडी, कुणाची बाटली आपल्या सामानात घेऊ नये. तंबाखूची चंची चार दिवस घरीच राहिलेली बरी.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. उसाचे बिल हाती आले, त्यातून सोसायटीचे कर्ज फिटले, मुलांच्या फिया भरल्या आणि मग काही उरले, तर जावे. कर्ज काढून सहलीला जाऊ नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत. सहल कंपनीला पैसे देण्याआधी विमान, राहणे, दोन वेळचे जेवण, फिरण्याची गाडी आणि कर यांतले काय धरले आहे आणि काय नाही, हे लेखी घ्यावे. पावती घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

पैसा, भाषा, जेवण

तिथले चलनही रुपयाच, पण त्यांचा वेगळा. गेल्या काही वर्षांत त्यांच्या एका रुपयास आपले पावणेदोन ते दोन रुपये पडत आले आहेत. म्हणून वस्तूवरचा आकडा पाहून फसू नये, दुप्पट धरून मनात हिशोब करावा. भारतीय स्टेट बँक आणि बँक ऑफ बडोदा यांचे तिथे कामकाज आहे. १२ फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआय पद्धतही तिथे सुरू झाली आहे, मात्र प्रत्येक दुकानात चालेल असे धरून चालू नये. थोडी रोकड जवळ असावी.

सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि बाजारात, घरात, एस.टी.सारख्या बसमध्ये क्रिओल. ही फ्रेंचमधून निघालेली बोली. जुन्या खेड्यांत भोजपुरीही आहे. नमस्कारासाठी 'बोंझूर' आणि आभारासाठी 'मेर्सी' एवढे दोन शब्द आले तरी समोरचा माणूस हसून बोलतो. मोडकी हिंदीही पुष्कळ ठिकाणी समजते.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. रस्त्याच्या कडेला 'ढोल पुरी' मिळते. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून पातळ पोळीत भरलेली असते. आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीणच समजा. ती घेवड्याच्या रश्शाशी, टोमॅटोच्या रस्स्याशी आणि चटणीशी गुंडाळून खातात. 'फराटा' म्हणजे आपला पराठा. 'गातो पिमा' म्हणजे डाळीचे मिरचीवडे. वारकरी मंडळींनी मात्र हॉटेलात आधी विचारून घ्यावे, कारण मासळीचा वापर सर्रास आहे.

फिरावे कसे, पाहावे काय

बेट लांबीला सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. कुठूनही कुठे दीड-दोन तासांत जाता येते. वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. बसचे जाळे चांगले आहे, पण संध्याकाळनंतर बस लवकर बंद होतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी विचारून ठेवावी. पोर्ट लुईहून क्यूरपिपपर्यंत मेट्रो रेल्वे आहे. ती आपल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने बांधली आणि तिचा पहिला टप्पा २०२० च्या सुरुवातीस लोकांसाठी खुला झाला. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे.

पाहण्याची ठिकाणे पुष्कळ. पॅम्पलमूसच्या वनस्पती उद्यानात परातीएवढ्या पानांची मोठी कमळे आहेत. चामारेल येथे सात रंगांची माती आणि धबधबा आहे. डोंगरात गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीला लाखो लोक पायी कावडी घेऊन तिथे येतात. तलावाच्या वाटेवर १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती आहे.

समुद्राबाबत सावध राहावे, कारण आपण विहिरीत पोहणारी माणसे. बेटाभोवती प्रवाळाचे कुंपण आहे, त्याच्या आतले पाणी शांत असते. ज्या खिंडीतून होड्या बाहेर जातात तिथे ओढ फार असते, तिकडे जाऊ नये. दक्षिणेकडे सुइयाक, ग्रि-ग्रि या भागात हे कुंपण नाही, तिथे लाटा काठावरून पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. तळाशी काटेरी जीव असतात, म्हणून रबरी बूट घालूनच पाण्यात जावे. प्रवाळ आणि शंख उचलून आणू नयेत. अडचण आल्यास पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमनासाठी ११५ हे क्रमांक आहेत. भारताचे उच्चायुक्त कार्यालय पोर्ट लुईत आहे.

माहेबूरच्या बाजूला गेलात तर एक आठवण तिथल्या लोकांना विचारावी. २०२० च्या जुलैत वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज तिथल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले तेल समुद्रात पसरू लागले. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. आपण जे पाचट शेतात पेटवून देतो, त्याचा तिथे असा उपयोग झाला.

आप्रवासी घाट

आता मुख्य गोष्ट. हे बेट मुळात निर्मनुष्य होते. डच लोक १५९८ साली आले आणि त्यांनीच १६३९ साली जावा बेटावरून इथे ऊस आणला. नंतर फ्रेंच आले, १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. ऊस तोडायला आफ्रिकेतून आणि मादागास्करातून आणलेले गुलाम होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या थोडे आधीच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर उतरले आणि तेव्हापासून १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे करारावर या बेटावर आली. ती पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे उतरत, तोच आप्रवासी घाट. दगडी सोळा पायऱ्या, नोंदणीच्या खोल्या, न्हाणीघरे यांतले जे शिल्लक आहे ते जपून ठेवले आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. शेजारी माहिती देणारे संग्रहालय आहे. सुट्टीच्या दिवशी बंद असण्याचा संभव असतो, आधी चौकशी करावी. सहल कंपन्या हे ठिकाण पुष्कळदा वगळतात. पैसे भरतानाच ते कार्यक्रमात घालायला सांगावे.

तिथे करार कसा होता ते वाचावे. मुदत बहुधा पाच वर्षांची. पुरुषाला महिना सुमारे पाच रुपये पगार आणि वर तांदूळ, डाळ, मीठ, कापड. सुरुवातीच्या करारांत जहाजावर चढण्यापूर्वीच काही महिन्यांचा पगार आगाऊ हातावर ठेवत. माणूस एकदा ती रक्कम घेऊन बसला की मागे फिरायची सोय नसे. आणि एक नियम असा होता, की मजुराचा एक दिवस बुडाला तर पगार दोन दिवसांचा कापायचा. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना बाळगल्याशिवाय फिरता येईना. १८७१ साली नऊ हजारांवर जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे करून राज्यपालाकडे अर्ज केला. तो लिहिण्यास आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपी मळेवाल्याने मदत केली. त्यातून चौकशी आयोग आला, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि पुढे कायदे सुधारू लागले.

बीड जिल्ह्याच्या माणसाला हे वाचताना भाषांतराची गरज पडत नाही. आगाऊ रकमेला आपल्याकडे उचल म्हणतात. मजूर गोळा करणाऱ्याला मुकादम म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आजारपणाने, बाळंतपणाने एक दिवस काम बुडाले तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड उचलीत चढवण्याची चाल आपल्याकडे आजही संपलेली नाही. तिथे जे संग्रहालयात ठेवले आहे, ते आपल्याकडे दर दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घाट उतरते. मॉरिशसने २ नोव्हेंबर हा मजूर उतरल्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा केला आहे. त्या देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे बिहारमधून आलेल्या अशाच एका मजुराचे पुत्र. ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या नातवंडांना त्याची लाज वाटत नाही, त्यांना अभिमान वाटतो. हे सभासदांनी नीट पाहून यावे.

तिथली मराठी मंडळी

या मजुरांत बिहार आणि उत्तर प्रदेशचे लोक सर्वांत जास्त, मग तामिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोक. मराठी मंडळी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गेली, त्यांत कोकणचे, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक अधिक. आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. संख्येने ते थोडे, पण त्यांनी गणपती, विठोबा आणि भाषा धरून ठेवली. पश्चिमेच्या कास्काव्हेल गावात मराठी वस्ती जुनी आहे. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' नावाने गणपतीत होतो. शाळांतून मराठी हा विषय घेता येतो, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत वरच्या वर्गांपर्यंत मराठी शिकवतात. मोकाच्याच महाराष्ट्र भवनात २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्यांची नावे ऐकून चकित होऊ नये. नोंदणीच्या कारकुनाने जे नाव लिहिले तेच पुढे आडनाव झाले, त्यामुळे आजोबा-पणजोबांचे नुसते नाव आज घराण्याचे आडनाव होऊन बसले आहे. महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांची दप्तरे जपली आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जहाज अशा नोंदी त्यांत आढळतात, काहींचे फोटोही आहेत. कुणाचे नातेवाईक कोकणात असतील आणि घरातला एखादा पूर्वज 'मिरीच'ला गेला असे ऐकून असतील, तर तिथे चौकशी करता येते. मराठी माणूस भेटला तर त्यांच्या बोलीला हसू नये. घरापासून एवढ्या दूर दीडशे वर्षांहून अधिक काळ जपलेली ती भाषा आहे.

त्यांचे कारखाने आणि आपण

मॉरिशसचा ऊस वादळात आडवा होतो आणि पुन्हा उभा राहतो, म्हणूनच त्या बेटावर दुसरे पीक टिकले नाही आणि हे टिकले. १८५८ च्या सुमारास तिथे अडीचशेहून अधिक लहान-मोठे कारखाने होते. १९७० च्या दशकात सुमारे वीस उरले, आज फक्त तीन आहेत. १९७३ साली साखर उत्पादन ७ लाख टनांच्या वर गेले होते. अलीकडे ते अडीच लाख टनांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. आपला महाराष्ट्र चांगल्या हंगामात १०० लाख टनांहून अधिक साखर करतो, तेव्हा आकड्याने ते आपल्यापुढे लहान. पण त्यांची कथा आपल्या कामाची आहे.

१९७५ पासून युरोपातील देशांशी करार होता. दर साल सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने ते घेत. तीस वर्षे सुखाची गेली. मग २००६ पासून युरोपने भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के खाली आणला आणि २००९ साली जुना करार संपला. एकच गिऱ्हाईक आणि एकच माल, असा धंदा असला की काय होते ते तिथे दिसले. कारखाने एकत्र करावे लागले, कामगारांना भरपाई देऊन घरी पाठवावे लागले, आणि हजारो लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. बसने जाताना मोकळी, झुडपे माजलेली रानेही दिसतात, ती त्याचीच खूण.

जे टिकले त्यांनी काय केले तेही पाहावे. पांढऱ्या साखरेबरोबर तपकिरी, ओलसर, वेगवेगळ्या चवीच्या खास साखरा करून ते पुडक्यांतून चढ्या भावाने विकतात. बगॅसपासून वीज करतात. देशाच्या विजेपैकी शेकडा दहाच्या आसपास वीज त्यातून येते. शेतातला दगड यंत्राने काढून यंत्रतोड वाढवली, आता बहुतांश तोडणी यंत्राने होते. शेतात मधूनमधून काळ्या दगडांचे मनोरे दिसतात, ते पूर्वीच्या मजुरांनी हाताने वेचून रचलेले. सगळी साखर १९१९ पासून एकाच मंडळामार्फत विकली जाते. आणि उसातून निघालेल्या साखरेचा शेकडा ७८ वाटा शेतकऱ्याचा, २२ कारखान्याचा, अशी वाटणीची रीत तिथे वर्षानुवर्षे चालत आली. लहान शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्यांचा कायदा तिथे १९१३ साली झाला, म्हणजे आपल्याकडच्या १९०४ च्या कायद्यानंतर नऊच वर्षांनी.

चालू कारखाना आत जाऊन पाहायला परवानगी लागते. ती न मिळाल्यास पॅम्पलमूसजवळ बो प्लान येथे १९९९ साली बंद झालेल्या कारखान्यात केलेले साखरेचे संग्रहालय पाहावे. जुने चरक, कढया, यंत्रे जागच्या जागी आहेत, साखरेचे प्रकार चाखायला देतात, आणि गुलाम व करारी मजूर यांचा इतिहास न लपवता मांडला आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. चांगला ऊस दिसला की कांडी पिशवीत टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. इकडून ऊस, बियाणे, फळे, माती तिकडे न्यायची नाही आणि तिकडून इकडे आणायची नाही. दोन्हीकडे कायदा आहे, आणि त्याला कारण आहे. एका कांडीबरोबर आलेला रोग सगळ्या जिल्ह्याचा ऊस बसवू शकतो. नवे वाण हवे असेल तर पाडेगावचे संशोधन केंद्र किंवा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडे मागणी करावी.

येताना साखरेची दोन पुडकी आणावीत, घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी. आणि ज्यांच्या उसाला दर साल कोयता येतो त्यांनी एवढे करावे : आप्रवासी घाटावर वाचलेला तो एक दिवसाला दोन दिवस कापण्याचा नियम परत आल्यावर आपल्या मुकादमाला सांगावा, आणि आपल्या फडात खाड्याचा हिशोब कसा धरला जातो ते विचारावे.